पाच मोत्यावर, पंच्याण्णव घरात!

एक गंमत करून बघायची? कापसाचा एक पांढरा बोळा घे. पाण्यात बुडव, हलकेच पीळ. आता तुझ्या कुत्र्याजवळ बस. शेपटीच्या जरा वर, पाठीवरचे केस बाजूला कर. खाली कातडीजवळ काळे बारीक कण दिसतात का? चहाच्या भुकटीसारखे? दिसले तर दोन-चार कण उचल आणि त्या ओल्या बोळ्यावर ठेव. मिनिटभर थांब.

कणांभोवती तांबूस रंग पसरला? मग ती माती नाही बरं!

ते रक्त आहे! तुझ्याच कुत्र्याचं वाळलेलं रक्त! आणि ते तिथे आलं कुठून, ओळख पाहू? पिसवेच्या पोटातून! खरं सांगू? ती पिसवेची शी आहे!

ईऽऽऽ! म्हण, खुशाल म्हण. पण हात धुऊन पटकन परत ये. कारण याच शीची पुढे एक अजब गोष्ट आहे. ती ऐकल्याशिवाय कुत्र्याच्या पिसवा घालवता येत नाहीत!

तुझ्या कुत्र्याचं नाव शेरू असेल, टायगर असेल, चिंगी असेल. आपण इथे त्याला मोत्या म्हणू. पावसाळा आला की मोत्या मागचा पाय उचलून खर्र खर्र खाजवायला लागतो. शेपटीचं मूळ चावतो. मध्येच झोपेतून दचकून उठतो. त्याला काय होत असतं, ठाऊक आहे? पिसू चावताना आपली लाळ त्याच्या कातडीत सोडते. खाज सुटते ती त्या लाळेनं! काही कुत्र्यांना तर ती लाळ अजिबात सोसत नाही. एक-दोन चाव्यांनीसुद्धा त्यांची पाठ लाल होते, केस झडतात. म्हणून "खाजवतोय खाजवू दे" असं म्हणायचं नाही. बिचाऱ्याला खरोखर त्रास होत असतो.

ही पिसू आहे तरी कशी?

आकारानं तिळापेक्षाही लहान. साधारण दोन मिलिमीटर. रंग तपकिरी. पाय सहा. पंख? एकही नाही! केसांत होणारी ऊ वेगळी, तिला उडी मारताच येत नाही. गोचीडही वेगळी. गोचिडीला आठ पाय असतात, ती कोळ्याच्या नात्यातली. ती एका जागी चिकटून फुगत बसते. पिसू मात्र पळते. केस बाजूला केले की क्षणात गायब!

ती इतकी पटकन पळते कशी? तिचं अंग बघ. ढेकूण वरून दाबल्यासारखा चपटा असतो. पिसू दोन्ही बाजूंनी चपटी असते! दप्तरात उभी ठेवलेली वही जशी दोन वह्यांच्या मधून सर्रकन सरकते ना, तशी पिसू दोन केसांच्या मधून सरकते. शिवाय तिच्या अंगावर बारीक काटे असतात आणि ते सगळे मागे वळलेले. पुढे जाताना कुठे अडकायचं नाही. मागे ओढायला गेलं की काटे केसांत रुततात! मोत्यानं कितीही अंग झाडलं तरी पिसू पडत नाही ती यामुळेच. आणि तिचं कवच इतकं टणक, की बोटांनी चिमटीत दाबली तरी सुटून टुणकन निघून जाते.

आता एक गमतीची बातमी. जगभर घरातल्या कुत्र्यांवर सगळ्यात जास्त कोणती पिसू सापडते, माहीत आहे? मांजर-पिसू! हो, हो, मांजर-पिसूच. कुत्र्याची स्वतःची वेगळी पिसू असते, पण मांजर-पिसवेला कुत्रा, मांजर, मुंगूस, सगळे चालतात. तिला कुणाचं वावडं नाही. माणूस तिला फारसा आवडत नाही. पण भूक लागली की तोही चालवून घेते, आणि घोट्याला कडकडून चावा घेते.

घोट्यालाच का? कारण ती जमिनीवरून उडी मारते. आणि उडी म्हटलं की दोस्त, आता जरा सावरून बस!

दप्तरातली 30 सेंटीमीटरची पट्टी काढ. जमिनीवर ठेव. फ्रान्समध्ये तुलूझ नावाचं शहर आहे. तिथल्या पशुवैद्यकीय कॉलेजातल्या तीन शास्त्रज्ञांनी चक्क पिसवांच्या उड्यांची स्पर्धा घेतली! एकीकडे कुत्रा-पिसवा, दुसरीकडे मांजर-पिसवा. कोण जिंकलं असेल? कुत्रा-पिसवा! त्यांची लांब उडी सरासरी 30 सेंटीमीटरची भरली. म्हणजे तुझी अख्खी पट्टी पार! मांजर-पिसवांची सरासरी 20 सेंटीमीटरच्या आसपास. या शोधाला 2008 साली इग नोबेल नावाचं बक्षीस मिळालं. आधी हसायला लावणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते बक्षीस देतात.

हरलेल्या मांजर-पिसवेचाच हिशेब करू या. अंग दोन मिलिमीटर, उडी दोनशे मिलिमीटर. म्हणजे स्वतःच्या अंगाच्या शंभरपट! तुझी उंची सव्वा मीटर असेल, तर त्या हिशेबानं तुला एका उडीत सव्वाशे मीटर जावं लागेल. फुटबॉलचं अख्खं मैदान ओलांडून पलीकडे!

एवढी ताकद इवल्याशा पायांत येते कुठून? खरी गंमत तर इथेच आहे. ती पायांच्या स्नायूंतून थेट येतच नाही! स्नायू तेवढ्या वेगानं आखडूच शकत नाहीत. मग पिसू काय करते? बेचकी आठव! बेचकीचं रबर तू सावकाश ताणायचं. सोडलं की खडा तुझ्या हाताच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात सुटतो. पिसवेच्या अंगात, मागच्या पायांच्या वर, रबरासारखा एक पदार्थ असतो. त्याचं नाव रेझिलिन. स्नायू तो सावकाश दाबतात. मग तो अडकवून ठेवतात. आणि मग... सटाक्! एक सेकंदाचे हजार भाग कर. त्यातल्या साधारण एका भागात पिसू जमीन सोडते! तुझी पापणी एकदा लवेपर्यंत असे शंभराहून जास्त भाग निघून जातात. म्हणून तर पिसू उडताना आपल्याला दिसत नाही. "इथे होती" आणि "इथे नाही", एवढंच दिसतं.

या उडीवरून शास्त्रज्ञांचं एक भांडण होतं. आणि ते किती वर्षं चाललं असेल? चाळीसहून जास्त! 1967 साली हेन्री बेनेट-क्लार्क यांनी हे रबराचं गुपित मांडलं. ते म्हणत, पिसू पायाच्या बोटांनी जमीन रेटते. मिरियम रॉथ्सचाइल्ड नावाच्या बाई म्हणत, छे, ती गुडघ्यासारख्या सांध्यानं रेटते. या मिरियमबाई म्हणजे पिसवांच्या जगातल्या फार मोठ्या जाणकार. त्यांच्या वडिलांनी, चार्ल्स यांनी, पिसवांचा प्रचंड संग्रह केला होता. तू खडे जमवावेत, काड्यापेटीची चित्रं जमवावीत, तशा त्यांनी पिसवा जमवल्या! लंडनच्या संग्रहालयातल्या त्या संग्रहाची यादी करण्यात मिरियमबाईंनी वर्षानुवर्षं घालवली.

भांडण मिटलं ते 2011 साली. केंब्रिजच्या ग्रेगरी सटन आणि माल्कम बरोज यांनी अतिवेगवान कॅमेरा लावला. पण पिसू कॅमेऱ्यासमोर थांबणार कशी? त्याचीही युक्ती सापडली. अंधारात पिसवा अगदी गप्प बसून राहायच्या आणि दिवा लागला की उडी मारायच्या! दिवा लाव, उडी टिप. चित्रात स्पष्ट दिसलं. पिसू बोटांनीच जमीन रेटते! मिरियमबाई तेव्हा हयात नव्हत्या. हे चित्र त्यांना बघायला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

याच उडीनं आपल्याकडचं एक भयंकर कोडंही सोडवलं होतं. 1896 साली मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट मरायला लागली. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना 1897 साली सावित्रीबाई फुले यांनाही प्लेग झाला, आणि त्यातच त्या गेल्या. रोग पसरतो कसा, हेच कळत नव्हतं. मग 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी एक प्रयोग केला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगनं आजारी असलेला, पिसवा झालेला उंदीर ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणं शक्यच नव्हतं. पण जाळीतून पिसवा उड्या मारू शकत होत्या! काही दिवसांत तो धडधाकट उंदीरही प्लेगनं मेला. रोग नेणारी सापडली! तुझ्या मोत्यावरच्या पिसवा बघून मात्र घाबरू नको. प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या वेगळ्या जातीच्या पिसवा पसरवतात, आणि आज त्यावर चांगली औषधंही आहेत.

चल, मोत्याकडे परत येऊ. आता त्या शीची गोष्ट!

पिसवेची मादी मोत्याचं रक्त पिते. किती? दिवसाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे पंधरापट! तुझं वजन 30 किलो असेल, तर तुला दिवसभरात साडेचारशे लिटर सरबत प्यावं लागेल. गच्चीवरची पाण्याची टाकी असते ना, जवळजवळ तेवढं! हे सगळं तिला पचतं का? छे! बरंचसं रक्त ती न पचवताच बाहेर टाकते. तेच ते काळे कण.

मग एवढं पितेच कशाला? बाळांसाठी! ऐक हं. मादी मोत्याच्या अंगावरच अंडी घालते. रव्याच्या कणाएवढी, पांढरी, गुळगुळीत. भरात असली की दिवसाला चाळीस-पन्नास अंडी! ती अंडी केसांना चिकटत नाहीत. मोत्या उठला, चालला, त्यानं अंग झाडलं, की टपटप खाली पडतात. आणि त्यांच्याबरोबर काय पडतं? वाळलेल्या रक्ताचे कण! अंड्यातून अळी बाहेर आली की तिच्या शेजारीच जेवण तयार! आई वरून डबाच पाठवते म्हण ना!

अळीला पाय नसतात. डोळेही नसतात. पण उजेड नको असतो. म्हणून ती सरपटत खाली खाली जाते. सतरंजीच्या धाग्यांत, फरशीच्या फटींत, सोफ्याच्या गाद्यांखाली, जिन्याखालच्या पोत्यात. तिथे ती आईचा डबा खात मोठी होते.

अशा अळ्या तुझ्या घरात किती असतील? पिसवांची एक शाळा आहे असं समज. शाळेत सगळे मिळून शंभर जण. डॉक्टर त्याचा एक ढोबळ हिशेब सांगतात. पन्नास जण अजून अंड्यातच. पस्तीस अळ्या. दहा कोषात. आणि मोठ्या, चावणाऱ्या, मोत्याच्या अंगावरच्या पिसवा किती?

फक्त पाच!

बाकीच्या पंच्याण्णव मोत्यावर नाहीतच! त्या मोत्याच्या अंथरुणात आहेत. तुझ्या पलंगाखाली आहेत. तू मोत्याला घासघासून आंघोळ घालणार, पाचही पिसवा मरणार, सगळे खूश होणार. आणि आठवड्याभरात मोत्या पुन्हा खर्र खर्र! "आंघोळीचा काही उपयोग नाही हो," असं मग घरातलं कुणीतरी म्हणतं. आंघोळीनं तिचं काम केलेलं असतं. पण शाळेतले बाकीचे पंच्याण्णव जण अजून वर्गातच बसलेले असतात ना!

आणि त्यातही ते कोषातले दहा! मला विचारशील तर उडीपेक्षाही हा कोषच जास्त अजब आहे.

मोठी झालेली अळी तोंडातून रेशीम काढते आणि स्वतःभोवती कोष विणते. कोष चिकट असतो. त्याला धूळ, वाळू, सतरंजीचे धागे चिकटतात. खोबऱ्याच्या किसात घोळवलेला लाडू कसा दिसतो? तसा! धुळीत पडलेला धुळीचा लाडू. कुणाला दिसणार? आत पिसू तयार होते. आणि तयार झाल्यावर काय करते? लगेच बाहेर येते?

नाही! ती वाट बघते!

आत गुपचूप बसून राहते. एक आठवडा. दोन आठवडे. कधी कधी तर काही महिनेसुद्धा! बाहेर कुणी नसताना येऊन काय करणार? रक्त मिळालं नाही तर बाहेर ती फार दिवस टिकत नाही. म्हणून ती खुणेची वाट बघते. जमीन हादरली? कुणीतरी चालतंय! कोषावर वजन पडलं? कुणीतरी येऊन बसलं! ऊब जाणवली? श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पोचला? बस्स! काही क्षणांत कोष फुटतो आणि पिसू उडी मारते!

आता एक कोडं. दिवाळीच्या सुट्टीत सगळं घर गावाला गेलं. मोत्यालाही बरोबर नेलं. घराला तीन आठवडे कुलूप. परत आल्यावर दार उघडून आत पाऊल टाकलं, तर पायांवर पिसवाच पिसवा! रिकाम्या घरात त्या आल्या कुठून? आलं ना लक्षात! त्या आल्या नाहीत, त्या होत्याच. आपापल्या कोषात, तुझ्या पावलांच्या हादऱ्याची वाट बघत!

मग या पाहुण्यांना घालवायचं कसं? आता ते सोपं आहे, कारण त्या कुठे लपतात ते तुला कळलंय.

आधी मोत्या. बारीक दातांची फणी घे. पिसवांसाठीची खास फणी मिळते, नाहीतर उवांची चालेल, पण ती मग मोत्याचीच! मान, पोट, शेपटीचं मूळ, इथून हळूहळू फिरव. शेजारी साबणाच्या पाण्याचं भांडं ठेव. पिसू फणीत आली की बुडव पाण्यात. साबण का? पाण्यावर दुधाच्या सायीसारखा एक ताण असतो. हलकी पिसू त्यावर तरंगत राहू शकते. साबणानं तो ताण मोडतो आणि ती बुडते.

आंघोळ घालताना फेस आधी मानेभोवती लाव. का सांगू? पाणी लागलं की पिसवा वर पळतात, थेट कानात आणि तोंडाकडे. मानेला फेसाचं कडं केलं की वाट बंद! साबण मात्र कुत्र्यांचा हवा. त्यांची कातडी आपल्यासारखी नसते.

आणि खरं औषध? ते जनावरांच्या डॉक्टरांकडून. काही औषधांचे थेंब मानेच्या मागे घालतात. तिथेच का? कारण तिथे मोत्याची जीभ पोचत नाही! काही औषधं गोळीच्या रूपात येतात. पिसू रक्त पिते आणि तिथेच संपते. कोणतं औषध, किती, हे कुत्र्याच्या वजनावर आणि वयावर ठरतं. म्हणून शेजारच्या मोठ्या कुत्र्याचं औषध आपल्या पिल्लाला लावायचं नाही. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. तेवढ्यानं मांजराचा जीवसुद्धा जाऊ शकतो! घरात मनीमाऊ असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांग.

इथे मला जरा कडक बोलायचंय. रॉकेल चोळायचं नाही. त्यानं कातडी भाजते, आणि मोत्या अंग चाटतो तेव्हा ते पोटात जातं. फिनेल नाही. डांबराच्या गोळ्या नाहीत, त्या विषारी असतात. पिकांवर फवारायचं औषध तर मुळीच नाही. "लसूण खाऊ घाला, पिसवा पळतील" असंही कुणी सांगेल. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्ताला अपाय करतात. अंथरुणाखाली कडुलिंबाचा पाला घालायला हरकत नाही, पण सगळी भिस्त पाल्यावर नको. आणि औषध मोठ्यांनीच लावायचं. तू मोत्याचं डोकं कुरवाळ, त्याच्याशी बोल. तेही काम फार महत्त्वाचं आहे!

मोत्या छोटं पिल्लू असेल तर आणखी जपायचं. इवल्याशा पिल्लाच्या अंगावर खूप पिसवा झाल्या तर त्याच्या अंगातलं रक्त कमी होतं. हिरड्या गुलाबी असायला हव्यात. पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे! आणि मोत्याच्या शीत किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं, तर तेही सांग. ते पट्टकृमीचे तुकडे असतात. अंग चावताना-चाटताना मोत्या पिसू गिळतो आणि पिसवेच्या पोटातून ती कृमी त्याच्या पोटात जाते. बघ, प्रवाससुद्धा कसा, पिसवेच्या पोटात बसून!

आता घर. मोत्याचं पोतं, गोधडी, चादर, सगळं कडकडीत पाण्यात धुवायचं. आणि मग आजी नेहमी करते ते. गोधड्यांना ऊन दाखवायचं! आजीची ही रीत अगदी बरोबर आहे. पिसवेच्या अंड्यांना आणि अळ्यांना ओलसर हवा लागते. हवा कोरडी झाली की अळी सुकून मरते. म्हणून तर पिसवा पावसाळ्यात माजतात! ऊन पडलं की संधी सोडायची नाही.

कोपरे, फटी, सोफ्याखाली, गाडीच्या मागच्या सीटवर, मोत्या जिथे जिथे लोळतो तिथे तिथे रोज झाडायचं. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फारच छान. गोळा झालेला केर घरातल्या डब्यात ठेवायचा नाही. पिशवीत बांधून थेट बाहेर!

फवारायचं एक औषध तर मला फार म्हणजे फारच आवडतं. ते अळीला लगेच मारत नाही. मग काय करतं? तिला मोठंच होऊ देत नाही! अळीच्या अंगात "अजून लहानच राहा" असं सांगणारं एक रसायन असतं. ते कमी झालं की अळी कोष विणायला घेते आणि पुढे तिची पिसू होते. या औषधात त्याच रसायनाची नक्कल असते. ते सांगतच राहतं, "अजून लहान, अजून लहान!" मग अळीची पिसू होतच नाही. कायमची बालवाडीत! मोत्याच्या जागेसाठी असं औषध हवं का, ते डॉक्टरांना नक्की विचार. फवारताना आणि ते वाळेपर्यंत मात्र तू आणि मोत्या दोघंही बाहेर.

एवढं सगळं केलं. आता पिसवा संपल्या?

थांब! ते कोषातले दहा! फवाऱ्याचं औषध कोषाच्या आत पोचत नाही. धुण्या-झाडण्यातूनही काही कोष सुटतातच. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी मोत्यावर पुन्हा एखादी पिसू दिसेल. औषध फुकट गेलं, असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना कोषाची गोष्ट सांग. ही नवी पिसू आहे, आज-कालच बाहेर आलेली. मोत्याचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना देत राहायचं. बहुधा तीन महिने तरी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तू गोल करून ठेव.

आणि आता तुझ्यासाठी खास काम! पिसवा झालेली खोली बंद करून ठेवायची नाही. उलट तिथेच खेळायचं! कारण कोषातली पिसू कशानं जागी होते? हादऱ्यानं! तू उड्या मारणार, लेझीम खेळणार, धाड धाड नाचणार. कोषात बसलेली पिसू म्हणणार, "आलं, आलं कुणीतरी!" ती बाहेर पडणार. समोर कोण? औषध घेऊन आलेला मोत्या! त्याच्यावर उडी, एक घोट रक्त, आणि खेळ खलास! नव्या अंड्यांची पाळीच येणार नाही. तेव्हा पांढरे मोजे चढव, म्हणजे पायावर आलेली पिसू लगेच दिसेल. मोत्याला हाक मार. आणि आई विचारेल, "काय धिंगाणा चाललाय?" तर बिनधास्त सांग, कोष फोडतोय!